द्रव्य आणले, पथ्य कुठे राहिले?

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

हंगाम सुरू झाला की गोव्यातल्या वृत्तपत्रांत एकाच दिवशी दोन तऱ्हेचा मजकूर वाचायला मिळतो. पहिल्या पानावर हणजूणला किंवा हरमलला एलएसडी, एमडीएमए पकडल्याची चौकट, आणि आतल्या पुरवणीत कुठल्यातरी ‘प्राचीन वनस्पती-विधी’वर, शामानावर (आदिवासी मांत्रिक-वैद्यावर), आत्मशोधावर गोडगोड लेख. हे दोन्ही लिहिणारे एकमेकांचे लिखाण वाचत नसावेत. एकाला त्या पदार्थात फक्त गुन्हा दिसतो, दुसऱ्याला थेट मोक्ष. आमच्यापैकी एक लोकवेदाचा अभ्यासक आहे आणि दुसरा डॉक्टर. दोघांनाही या विषयाशी कामापुरता, पण रोजचा संबंध आहे. या दोन मजकुरांच्या मधून जे निसटते ते सांगावे म्हणून हे पत्र. लांबले आहे. कात्री लावायचीच झाली तर औषधांचे आणि आणीबाणीचे परिच्छेद तेवढे राखावेत, ही विनंती.

ज्या समाजांत मन पालटणारी वनस्पती देवकार्यात वापरतात, तिथे ती कधी एकटी येत नाही. कोणी घ्यायची, कधी, कशासाठी, आधी काय वर्ज्य, रात्रभर जागायला कोण, आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला सांभाळायचे कोणी, हे सगळे बांधलेले असते. हे बांधलेपण म्हणजेच विधी. गोव्यात जाहिरात होऊन विकले जाते त्यात द्रव्य असते, पिसांचा मुकुट असतो, ढोल असतो; बांधलेपण तेवढे नसते.

उदाहरण म्हणून ज्या गोष्टीपासून आजचे सगळे वेड सुरू झाले तीच घेऊ. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतात वाउत्ला हे माझातेक लोकांचे डोंगराळ गाव. तिथली मारिया साबिना अळंब्यांच्या आधाराने रोग्यांना बरे करायची. विधी रात्रीचा, तिच्या घरातला, देवापुढचा, आणि मेणबत्त्या विझवून अंधारात चालणारा. अळंबी जोडीने मोजायची आणि देण्याआधी कोपाल या राळेच्या धुरावर धरायची. रोग्याने आधी आणि नंतर काही दिवस ब्रह्मचर्य पाळायचे. ती स्वतःही अळंबी खायची, रोग्यापेक्षा जास्त, आणि पहाटेपर्यंत गात राहायची. १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन हा न्यूयॉर्कचा बँकर तिथे पोचला. आत प्रवेश मिळावा म्हणून त्याने आपल्या मुलाची काळजी वाटते, त्याची खबर कळावी, असे कारण पुढे केले; म्हणजे विधीला कारण लागते हे त्यालाही कळले होते. मे १९५७ मध्ये त्याचा सचित्र लेख ‘लाइफ’ साप्ताहिकात आला आणि मग गावात परक्यांचा लोंढा सुरू झाला. मागोमाग पोलीस आले. गावकऱ्यांनी तिला दोषी धरले, तिचे घर जाळले गेले. पुढे तिनेच सांगून ठेवले आहे, की वॉसन येण्याआधी देव बघायला म्हणून कोणी अळंबी खात नसे, आजारी माणूस बरा व्हावा म्हणूनच खात. आणि परके आल्यापासून अळंब्यांची ताकद गेली. १९८५ मध्ये ती वारली, तीही गरिबीतच. आज तिचा फोटो छापलेले टी-शर्ट जगभर विकले जातात.

दुसरे उदाहरण आयावास्काचे, कारण हरमल-मांद्रे पट्ट्यात सध्या हे नाव कानोकानी फिरते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा काढा दोन वनस्पतींचा आहे, एक वेल आणि एका झुडपाची पाने. पानांत डीएमटी हे मन पालटणारे द्रव्य असते. नुसती पाने उकळून प्यायली तर काही होत नाही, कारण आतड्यातले आणि यकृतातले एमएओ हे एन्झाइम डीएमटी मोडून टाकते. वेलीतले हार्मिन आणि हार्मालिन त्या एन्झाइमला काही तास अडवतात आणि तेवढ्यात डीएमटी मेंदूपर्यंत पोचते. प्रयोगशाळा नसताना हे जमवणाऱ्या माणसांपुढे हात जोडावेत असेच हे ज्ञान आहे. पण त्याच ज्ञानाचा दुसरा भाग जाहिरातीत येत नाही: कित्येक जमातींत काढा पिणारा वैद्य असे, रोगी नव्हे. वैद्य पिऊन बघायचा, गायचा, दुखणे कुठे आहे ते शोधायचा. शिकाऊ वैद्याला महिनोन्‌महिने मीठ, साखर, डुकराचे मांस आणि शरीरसंबंध वर्ज्य. आता वैद्य तिकीट काढून येतो, आणि पितात ते पैसे भरणारे डझनभर अनोळखी लोक.

आणि त्या एन्झाइमला अडवण्यातच खरा धोका आहे. नैराश्यावर किंवा चिंतेवर आज अनेक जण फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारख्या गोळ्या घेतात. या गोळ्या मेंदूतले सेरोटोनिन हे रसायन वाढवतात. त्यावर एमएओ अडवणारा काढा पडला की सेरोटोनिन मर्यादेबाहेर जाते: घाम, जुलाब, थरथर, पाय आपोआप झटके देणे, ताप, स्नायू ताठरणे, आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर मृत्यू. दुखण्यावरची ट्रामाडोल आणि खोकल्यावरचे डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांनीही हेच होऊ शकते. खोकल्याचे औषध कोणी औषधात धरत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले. ‘आठवडाभर आधी गोळ्या बंद करा, शरीर शुद्ध होऊ द्या’ असे आयोजक सांगतात तेव्हा दुहेरी घोळ होतो. फ्लुओक्सेटिनचा अंश शरीरात पाच आठवड्यांपर्यंत राहतो, म्हणजे आठवड्याने काही साधत नाही. आणि इतर गोळ्या एकदम तोडल्या तर मूळ आजार उलटून येतो. लिथियमचे वेगळेच. ते चालू असताना एलएसडी किंवा अळंब्यांतले सायलोसायबिन घेतल्यावर फिट आल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असेल, तर वैद्यकीय चाचण्यांत अशा माणसाला दारातच थांबवतात. खाजगी बंगल्यातल्या ‘सेरेमनी’त हा प्रश्न विचारला तरी जातो का?

कांबोबद्दल थोडक्यात. हे ॲमेझॉनमधल्या एका बेडकाच्या अंगावरचे विष. मात्सेस लोक ते शिकारीला निघण्याआधी चपळाई यावी म्हणून कातडीवर डाग देऊन लावतात, त्याचा चक्रांशी किंवा ध्यानाशी संबंध नाही. इथे ते लावण्याआधी दोन-तीन लिटर पाणी ढोसायला लावतात, मग ओकाऱ्या होतात आणि रक्तातला सोडियम घसरून फिट येऊ शकते. यात परदेशांत माणसे दगावलेली आहेत. सोनोरा वाळवंटातल्या टोडचे विष ओढणे हेही ‘हजारो वर्षांचे’ म्हणून खपवतात, तो प्रकार १९८०च्या दशकातला आहे. हरमलच्या कोको-सेरेमनीला मात्र आमचा फारसा आक्षेप नाही. महाग चॉकलेट आहे ते.

विधीची चौकट शाबूत ठेवून हे द्रव्य आधुनिक कायद्यात कसे बसवता येते, याचे उदाहरण अमेरिकेतल्या आदिवासींनी घालून दिले आहे. पेयोटे या निवडुंगाभोवती उभे राहिलेले नेटिव्ह अमेरिकन चर्च १९१८ मध्ये ओक्लाहोमात नोंदले गेले आणि १९९४ मध्ये अमेरिकी संसदेने आदिवासींच्या या वापराला स्पष्ट संरक्षण दिले. त्यांची बैठक तंबूत, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत. पुढारी ठरलेला, ढोलवाला ठरलेला, आग सांभाळणारा ठरलेला. मध्यरात्री पाणी, पहाटे पुन्हा पाणी, आणि सकाळी सगळ्यांनी एकत्र जेवायचे. बैठकीला निमित्त लागते: कोणाचा आजार, कोणाचे दारूचे व्यसन, कोणाचा शोक. मेक्सिकोतले विचोल लोक याच निवडुंगासाठी विरिकुताची यात्रा करतात. वाटेत प्रत्येक जण आपले दोष उघड कबूल करतो, मीठ वर्ज्य असते, आणि निवडुंग कापताना मूळ जमिनीत ठेवतात म्हणजे तो पुन्हा फुटतो. जाणत्या आकाराला यायला त्याला दहा वर्षांहून अधिक लागतात. बाजारासाठी मुळासकट उपटणाऱ्यांनी त्याचे रान ओसाड करत आणले आहे.

आता आपल्याकडे वळू, कारण ‘भारतात तर सोमरस होताच’ हे वाक्य अशा प्रत्येक जाहिरातीच्या तळाशी असते. ऋग्वेदाचे नववे मंडल, ११४ सूक्ते, जवळपास सगळे सोमाचे. ती वनस्पती कोणती, यावर विद्वानांचे एकमत नाही. वॉसननेच १९६८ मध्ये लाल टोपीच्या अमानिता अळंबीचा पक्ष मांडला; दुसरे एफेड्रा म्हणतात, आणि पारशी आजही हओम म्हणून एफेड्राच्याच काड्या वापरतात. पण सोमयाग कसा करायचा, याबद्दल शंका नाही. सोळा ऋत्विज, यजमानाला दीक्षा, उपास आणि नियम, सोम विकत घेण्याचा स्वतंत्र विधी, दगडांनी कुटणे, लोकरीच्या गाळणीतून गाळणे, दूध-दही-सातू मिसळणे, सकाळ-दुपार-संध्याकाळ तीन सवने. मूळ वनस्पती मिळेनाशी झाली तेव्हा ब्राह्मणग्रंथांनी पर्यायी वनस्पती सांगितल्या आणि याग चालू राहिला. यावर कोणी म्हणेल, की म्हणूनच यज्ञ पोकळ झाला. त्या बाजूलाही थोडे वजन आहे. पण द्रव्य बदलूनही विधी हजारो वर्षे टिकला, विधीवाचून द्रव्य टिकले नाही, एवढे तरी नोंदवावे लागते.

गोव्यातला याविषयीचा सर्वांत जुना छापील पुरावा पणजीतल्या एका बागेच्या नावात आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. त्याचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात भांगेवर आणि धोतऱ्यावर वेगवेगळी संभाषणे आहेत. भांगेबद्दल त्याने आपल्या नोकरांचा दाखला दिला आहे: मालकाला न सांगता खायचे, श्रम जाणवत नाहीत, हसू येते आणि भूक लागते. गुजरातचा सुलतान बहादूरशहा मार्तिम आफोन्सो द सौझा या पोर्तुगीज सरदाराला सांगे, की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान फिरावेसे वाटले की आपण थोडी भांग खातो. धोतऱ्याची गोष्ट वेगळी. तो अन्नात घालून माणसाला बेभान करायचे आणि दागिने पळवायचे, हा त्या काळचा चोरांचा धंदा असल्याचे ओर्ता लिहितो. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या वैद्याने या दोन वनस्पती वेगळ्या धरल्या; आजचे ‘शिवाचे सायकेडेलिक’ म्हणून धोतऱ्याच्या बिया पुड्यांत विकणारे त्या एक करतात.

धोतरा शंकराला वाहतात, खात नाहीत. त्यात ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन असते, आणि एकाच झाडाच्या दोन बोंडांतही त्याचे प्रमाण सारखे नसते, म्हणून ‘थोडेसे’ असे माप त्याला लागू पडत नाही. त्याने येतो तो निव्वळ वातभ्रम: समोर नसलेल्या माणसाशी बोलणे, हवेतून काहीतरी वेचत राहणे, आणि दुसऱ्या दिवशी काहीच न आठवणे. त्यात दर्शन कसले? अंग गरम आणि कोरडे, चेहरा लाल, बाहुल्या फुटतील एवढ्या मोठ्या, लघवी अडकलेली, नाडी धावती. हे वर्णन लक्षात ठेवावे, खाली उपयोगी पडेल.

अळंब्यांचेही असेच एक गोव्याचे प्रकरण आहे. वारुळाला आपण रोयण म्हणतो आणि सातेरी देवीच्या रूपात पुजतो. त्याच रोयणीवर पावसात येणारी रोयणी अळमी ही जेवणातली चीज. तिने नशा येत नाही. ‘मॅजिक’ अळमी कुठे मिळते म्हणून रानात शिरणाऱ्या पाहुण्याला वाट दाखवू नये. अमाटॉक्सिन असलेली अळंबी पोटात गेली तर सहा ते चोवीस तास काही कळत नाही; मग जुलाब-ओकाऱ्या, त्यानंतर एखादा दिवस बरे वाटते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत बसते. मधल्या बऱ्या दिवसामुळेच माणूस इस्पितळात उशिरा पोचतो.

मन पालटण्याची परंपरा गोव्यात शोधायचीच, तर ती शिरगांवला आहे, साळला आहे. द्रव्यावाचून. शिरगांवात वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून जातात. त्याआधी कित्येक दिवस सोवळे: शाकाहार, दारू बंद, बाहेरचे अन्न बंद, वेगळे रांधून जेवणे. मग तळीवर आंघोळ, गळ्यात मोगरा, हातात रंगीत लोकरीच्या गोंड्यांचा वेत, ढोलाच्या ठेक्यावर तासन्‌तास नाच, जागरण. उपास, तहान, ताल, गर्दी आणि झोपेचा अभाव ही माणसाच्या मेंदूला हलवणारी जगातली सर्वांत जुनी साधने आहेत. ती इथे ओळीने मांडलेली दिसतील. राखेने झाकलेला लाकडी निखारा उष्णता हळू सोडतो, आणि न थांबता चालणाऱ्याचे पाऊल सेकंदभरही त्यावर टिकत नाही. भाजतो तो अडखळणारा, थांबणारा, किंवा पळताना बोटे निखाऱ्यात रुतवणारा. म्हणजे सोवळ्याने आलेला निर्धार आणि शांत पाऊल हाच तिथला सुरक्षेचा उपाय आहे. साळला फाल्गुनात गडे, म्हणजे देवाचा संचार झालेले गडी, रात्री रानात धावतात तेव्हाही मांडावर, म्हणजे देवकार्याच्या ठरलेल्या जागी, आधी नमन होते, गडे कोण हे गावाला ठाऊक असते, आणि सगळा गाव मांडावर जागा असतो. अवसर आलेल्याचेही तसेच. कुणावर यायचा, कुठल्या देवळात, कुठल्या दिवशी, हे ठरलेले. त्याला गाऱ्हाणे घालायचे तेही रीतीने, आणि नंतर तीर्थ देऊन शांत करायचे. रात्री देव अंगात आलेला माणूस सकाळी कदंबा बसमध्ये दांडा धरून कामावर जातो, आणि कोणी त्याच्या पाया पडून त्याला गुरू करून टाकत नाही.

हे सगळे निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. जात आणि बाई यांना कुठवर येऊ द्यायचे, हे प्रश्न या प्रथांत आहेतच. आणि २०२५च्या मे महिन्यात शिरगांवात चेंगराचेंगरी होऊन माणसे गेली, तेव्हा गर्दीचे कुंपण तुटले की सोवळे पुरत नाही हे कळलेच.

हणजूणच्या जुन्या पार्ट्यांनाही एका दमात हिणवू नये. मुक्तीनंतरच्या दशकात आलेल्या हिप्पींनी, आणि पुढे गोवा ट्रान्सवाल्यांनी, रात्रीचा एक आराखडा बसवला होता: मध्यरात्रीनंतर जड, वेगवान, काळोखे संगीत आणि सूर्य उगवताना मोकळे, सुरेल. २०२३ मध्ये वारलेला गोवा गिल डीजेला आधुनिक शामान मानायचा. दावा मोठा होता, पण सूर्योदयापर्यंत न्यायची जबाबदारी निदान त्यात मानलेली होती. त्याहून महत्त्वाच्या होत्या कडेला चटया अंथरून, रॉकेलचा दिवा लावून चहा-ऑम्लेट विकणाऱ्या आपल्या बायका. भेदरलेला माणूस त्यांच्या चटईवर येऊन बसायचा, त्या त्याला गोड चहा द्यायच्या आणि उजाडेपर्यंत बसू द्यायच्या. कुठल्याही पुस्तकात त्यांना शामान म्हटलेले नाही. आजच्या बंद बंगल्यात ती चटई नाही, आणि ‘फॅसिलिटेटर’ची परतीची फ्लाइट दुसऱ्या दिवशी दुपारची असते.

विज्ञानालाही शेवटी हे कुंपणच उभारावे लागले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा सायलोसायबिनवरचा २००६चा गाजलेला अभ्यास घ्या: ३६ निरोगी, धर्माचरणी वृत्तीची माणसे, प्रत्येकाबरोबर आधी आठेक तासांच्या तयारीच्या बैठका, प्रत्यक्ष दिवशी सोबतीला जाणते निरीक्षक, डोळ्यांवर पट्टी, ठरवलेले संगीत. दोनतृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांत धरला. हे प्रत्येक लेखात येते. त्याच अभ्यासात, एवढ्या बंदोबस्तातही, जवळपास एकतृतीयांश लोकांना तीव्र भीतीने गाठले. हे क्वचितच येते.

आता आणीबाणी. शॅकवाले, घरमालक, टॅक्सीवाले यांच्यासमोरच हे प्रसंग येतात. माणूस घाबरला आहे पण बोलतो, ओळखतो, अंगात ताप नाही, असे असेल तर गर्दी हटवावी, संगीत बंद करावे, दिवा मंद ठेवावा, एकानेच शेजारी बसून हळू बोलावे, घोटघोट पाणी द्यावे. एलएसडीचा अंमल आठ ते बारा तास राहतो, अळंब्यांचा चार ते सहा. एवढा वेळ बसायची तयारी हवी. त्याला एकटे समुद्राकडे, गच्चीवर किंवा स्कूटरवर जाऊ देऊ नये. या पदार्थांनी थेट विषबाधा होण्यापेक्षा बुडून, पडून आणि धडकून मरण येण्याची शक्यता मोठी. ताप, फिट, छातीत दुखणे, पाय झटकत राहणे, स्नायू लाकडासारखे होणे किंवा शुद्ध हरपणे यांतले एकही दिसले तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. अंग गरम आणि घामाने चिंब, सोबत जुलाब आणि झटके, तर सेरोटोनिनचा संशय. अंग गरम आणि कोरडे ठाक, लघवी अडकलेली, तर धोतऱ्याचा. गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) डॉक्टरला एवढे वाक्य सांगितले तरी उपचाराची अर्धी वाट सरते. काय घेतले ते खरे सांगावे, उरलेली पुडी किंवा अळंबीचा तुकडा बरोबर न्यावा. गुंगीतल्या माणसाला ताक, लिंबू, कॉफी पाजू नये, ओकारी काढू नये, कुशीवर निजवावे. पालथे दाबून धरणे तर मुळीच नको, त्याने श्वास कोंडतो. एमडीएमए घेऊन नाचणाऱ्याला उष्माघात होतो तसाच भरमसाट पाण्याने रक्तातला सोडियमही उतरतो, तेव्हा बाटलीवर बाटली पाजणे हाही उपाय नव्हे. दिवस उलटूनही झोप न येणे, संशय, आवाज ऐकू येणे चालू राहिले तर बांबोळीची आयपीएचबी ही मानसोपचार संस्था गाठावी. निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ वर फोन करावा. आणि एलएसडी म्हणून विकलेल्या कागदाच्या चौकोनावर एलएसडीच असते असे नाही. एन-बोम नावाची कृत्रिम द्रव्ये त्या नावाने खपतात, आणि त्यांनी माणसे मेली आहेत.

कायद्याचे थोडे. १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात एलएसडी, सायलोसायबिन, डीएमटी, मेस्कॅलिन सगळी आहेत आणि धार्मिक वापराला सूट कुठेच नाही. संविधानाच्या २५व्या कलमातले धर्मस्वातंत्र्यही सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. भांगेची पाने गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, तिच्याबाबत राज्याराज्यांचे अबकारी नियम निराळे, म्हणून ‘भांग चालते तर हे का नाही’ हा युक्तिवाद कोर्टात टिकत नाही. एलएसडीची व्यापारी मात्रा अवघी ०.१ ग्रॅम. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणाचे एकूण वजन धरायचे ठरवले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने एलएसडीच्या प्रकरणात कागदाचेही वजन मोजायला सांगितले. तेव्हा काही थोडे चौकोनही जामीन दुर्मिळ करणाऱ्या रकान्यात जातात. घरमालकांसाठी एनडीपीएस कायद्याचे कलम २५: आपल्या जागेत असा गुन्हा होतो हे ठाऊक असून होऊ देणाऱ्याला मूळ गुन्हेगाराइतकीच शिक्षा. दारावर ‘योगा रिट्रीट’ अशी पाटी असली तरी हे कलम लागू होते. परदेशी पाहुण्याची नोंद चोवीस तासांत सरकारकडे करण्यात आपण चालढकल करतो, ती अशा वेळी अंगाशी येते.

सगळ्यांना तुरुंगात टाका, अशी आमची मागणी नाही. सेवन करणाऱ्यापेक्षा विकणाऱ्यावर लक्ष असावे, आणि स्वतःहून उपचार घ्यायला येणाऱ्या व्यसनीला याच कायद्याचे कलम ६४-अ जे संरक्षण देते त्याची माहिती पोलीस ठाण्यात आणि आरोग्य केंद्रात मराठी-कोंकणीत लावावी. पेडणे आणि बार्देशच्या किनारी पंचायतींनी रिट्रीटला ना हरकत दाखला देताना प्रमुखाचे नाव, रात्री हजर राहणाऱ्या डॉक्टरचे नाव, दर माणशी सोबती किती, आणि पाहुणे गेल्यावर आठवडाभर फोन उचलणार कोण, एवढे लेखी घ्यावे. जो हे देऊ शकत नाही त्याला शामान म्हणून नव्हे, निव्वळ पाहुणचाराचा धंदा म्हणूनही परवानगी मिळू नये.

आणि एक विनंती आपल्याकडे. पुरवणीत पुढच्या खेपेला असा लेख आला तर लेखकाला विचारावे, की हा विधी कुठल्या गावचा, तिथे तो कोण करते, आधी काय वर्ज्य असते, रोग्याच्या गोळ्यांचे काय केले, आणि काढा कोण पितो. उत्तरे आली तर लेखाबरोबर छापावीत. नाही आली तर ‘उत्तर मिळाले नाही’ असे त्याच पानावर, त्याच टायपात छापावे.

आपले,
दोन वाचक
(एक लोकवेदाचा अभ्यासक, एक डॉक्टर)
डिचोली, गोवा